एक आकाश, दोन वहिवाटी : जॉर्ज टाउनच्या टपालापासून तांबरमच्या सरावापर्यंत

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, बंदरासमोरच्या रस्त्यावर मुख्य टपाल कार्यालयाची लाल इमारत उभी आहे. १८८४ पासून मद्रासची टपालव्यवस्था या वास्तूतून चालत आली. ऑक्टोबर १९३२ मध्ये या शहराच्या नावाची काही पत्रे प्रथमच नियमित देशी विमानसेवेने आली. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे नेले, बेल्लारीला रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी ते मद्रासला पोहोचले. भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा इतिहास सहसा या उड्डाणापासून सांगितला जातो.

त्याच महिन्यातली दुसरी एक तारीख मात्र या कथेत क्वचितच येते. टाटांच्या उड्डाणाच्या बरोबर एक आठवडा आधी, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी, भारतीय हवाई दलाची औपचारिक स्थापना झाली होती. टाटांचे विमान ज्या ड्रिग रोड तळावरून उडाले, तो ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. पुढच्या वर्षी, १ एप्रिल १९३३ रोजी, भारतीय हवाई दलाची पहिली तुकडीही तिथेच उभी राहिली. मद्रासला टपाल आणणारे व्हिन्सेंट स्वतः पूर्वाश्रमीचे ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक. नागरी आणि लष्करी विमानविद्या या देशात अशी एकाच आठवड्यात आणि एकाच अंगणात जन्मली. या दोन भावंडांनी एक आकाश कसे वाटून घ्यायचे, हा प्रश्न मात्र पुढची नव्वद वर्षे सुटत राहिला, अडत राहिला आणि काही वेळा माणसांच्या प्राणांवर बेतला.

आरंभी वाटणीची गरजच नव्हती. विमाने थोडी, वेग बेताचा आणि माणसे तीच ती. टाटांना फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून. पुढच्या वर्षी इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगा खान यांनी बक्षीस ठेवले होते. टाटा कराचीहून निघाले, तर तरुण ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकलेले टाटांना दिसले. त्यांनी आपल्याजवळचे प्लग देऊ केले आणि शर्यत इंजिनिअर यांनी जिंकली. क्लबातून घडलेला हा वैमानिक पुढे हवाई दलात गेला आणि १९६० मध्ये त्या दलाचा प्रमुख झाला. त्या पिढीत नागरी वैमानिक आणि लष्करी वैमानिक ही एकाच माणसाच्या आयुष्यातली दोन प्रकरणे असू शकत.

मद्रासमध्ये हे युद्धकाळात प्रत्यक्ष दिसले. १९१४ च्या सप्टेंबरात एमडेन या जर्मन युद्धनौकेने बंदराजवळच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या. त्या रात्रीची आठवण जॉर्ज टाउनमध्ये अजून ताजी असतानाच दुसरे महायुद्ध सुरू झाले. किनाऱ्याच्या रक्षणासाठी हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलाच्या तुकड्या उभारण्यात आल्या. त्यांतली पहिली मद्रासला, सेंट थॉमस माउंट येथे होती. नागरी उड्डाणाचा अनुभव असलेले वैमानिक अशा तुकड्यांतून गणवेशात आले. विमानांचेही तेच झाले. १९४१ मध्ये पूर्वी इंपीरियल एअरवेजची असलेली अटलांटा जातीची चार इंजिनांची प्रवासी विमाने लष्करी सेवेत घेण्यात आली. त्यांतली काही सेंट थॉमस माउंटवरून बंगालच्या उपसागरावर टेहळणी करीत, नॅव्हिगेटरच्या हाती एक मशीनगन देऊन. कालपर्यंत प्रवासी नेणारे विमान आज पाणबुड्या शोधत होते. आकाश त्या वेळी एकाच धन्याच्या ताब्यात होते, म्हणून वाटणीचा प्रश्न उद्भवला नाही.

तो स्वातंत्र्यानंतर उद्भवला. मीनंबाक्कम हे मद्रासचे नागरी विमानतळ झाले आणि तांबरम हवाई दलाकडे राहिले. १९४८ मध्ये अंबाल्याला सुरू झालेली उड्डाण प्रशिक्षकांची शाळा १९५४ मध्ये तांबरमला आली. शिकवणाऱ्यांना शिकवणारी ही संस्था आजही तिथेच आहे. हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांना जे प्रशिक्षक उडायला शिकवतात, ते या शाळेतून तयार होतात. नकाशावर पट्टी ठेवली तर मीनंबाक्कम आणि तांबरम यांच्यातले अंतर सुमारे अकरा किलोमीटर भरते. रस्त्याने जाणाऱ्याला ते उपनगरापासून उपनगरापर्यंतचे अंतर वाटते. ताशी साडेचारशे किलोमीटरांहून अधिक वेगाने उतरायला येणाऱ्या जेट विमानाला ते दीड मिनिटही पुरत नाही.

हे शेजारपण नाजूक का आहे, हे कळायला प्रशिक्षणाचे विमान हवेत काय करते ते पाहावे लागते. प्रवासी विमानाचा प्रवास आगगाडीसारखा असतो. मार्ग ठरलेला, उंची ठरलेली, वळण कुठे घ्यायचे तेही आधी सांगितलेले. सरावाचे विमान घारीसारखे फिरते. ते मुद्दाम गिरकीत घातले जाते आणि गिरकीतून बाहेर काढले जाते. इंजिन बंद पडल्याचा सराव करताना ते झपाट्याने उंची गमावते. कसरतींत ते काही सेकंदांत शेकडो मीटर वरखाली होते. त्यात बसलेल्या दोघांचे लक्ष बाहेरच्या क्षितिजाइतकेच आतल्या उपकरणांवर आणि एकमेकांच्या चुकांवर असते. त्याचा पुढचा क्षण कुठे असेल, हे जमिनीवरच्या नियंत्रकाला नेमके सांगता येत नाही. म्हणून अशा उड्डाणांसाठी आकाशाचा एक तुकडा वेगळा राखला जातो. आंतरराष्ट्रीय नियमांत अशा तुकड्यांचे तीन प्रकार आहेत : जिथे उडण्यास मनाई आहे ते निषिद्ध क्षेत्र, अटींवर उडता येते ते प्रतिबंधित क्षेत्र आणि ठरावीक वेळी धोका संभवतो ते धोक्याचे क्षेत्र.

डोळे उघडे ठेवून एकमेकांना चुकवणे पुरेसे नाही का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. समोरची वस्तू दिसणे, ते विमान आहे हे ओळखणे, टक्कर होणार हे कळणे, निर्णय घेणे, हाताने दांडी वळवणे आणि विमानाने प्रत्यक्ष दिशा बदलणे, या साऱ्याला अमेरिकी हवाई नियामक संस्थेच्या मार्गदर्शनानुसार सुमारे साडेबारा सेकंद लागतात. एक प्रवासी विमान ताशी ४६३ किलोमीटर, म्हणजे अडीचशे नॉट वेगाने येत आहे आणि समोरून सरावाचे विमान ताशी २७८ किलोमीटर वेगाने येत आहे असे धरू. दोघांमधले अंतर दर सेकंदाला सुमारे २०६ मीटरांनी घटते. साडेबारा सेकंदांत ते अडीच किलोमीटरांहून अधिक घटेल. म्हणजे निदान इतक्या अंतरावरून ते विमान दिसायलाच हवे. दहा मीटर पंखविस्ताराचे विमान त्या अंतरावरून सहा मीटरवर ठेवलेल्या रुपयाच्या नाण्याइतके रुंद दिसते. तेही फक्त पंख धरून. पंख समोरून पाहिले तर एक बारीक रेघ, आणि मधला सांगाडा एक ठिपका.

यात आणखी एक अडचण आहे. मानवी डोळा हालचाल चटकन टिपतो. पण ज्या विमानाशी टक्कर व्हायची असते, ते काचेवर हलताना दिसत नाही. दोन्ही विमाने सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने एकाच बिंदूकडे जात असतील, तर परस्परांचा कोन बदलत नाही. ठिपका काचेवर एकाच जागी राहतो, हळूहळू मोठा होतो आणि अखेरच्या काही सेकंदांत एकदम फुगतो. जे विमान काचेवर सरकताना दिसते ते बहुधा निघून जाणारे असते. धोका स्थिर ठिपक्यात असतो, आणि नेमका तोच डोळ्यांतून निसटतो.

हे गणित जगाने मोठी किंमत मोजून शिकले. २१ एप्रिल १९५८ रोजी अमेरिकेत लास व्हेगासजवळ युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-७ हे प्रवासी विमान आणि सराव उड्डाणावरचे एफ-१०० हे लढाऊ विमान जवळजवळ समोरासमोर धडकले. दोन्ही विमानांतले ४९ जण मरण पावले. दिवस स्वच्छ होता. मात्र प्रवासी विमानाचा संवाद एका यंत्रणेशी आणि लढाऊ विमानाचा दुसऱ्या यंत्रणेशी चालू होता. एकमेकांच्या अस्तित्वाची खबर कोणालाच नव्हती. चौकशीत मानवी दृष्टीच्या मर्यादेवर बोट ठेवले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने कायदा करून नागरी आणि लष्करी, दोन्ही वाहतुकींच्या आकाशाची व्यवस्था एका संस्थेकडे सोपवली.

जपानमधली घटना याहून भीषण होती. ३० जुलै १९७१ रोजी शिझुकुइशी गावावर, ऑल निप्पॉन एअरवेजचे बोइंग ७२७ आणि जपानच्या हवाई स्वसंरक्षण दलाचे एफ-८६ यांची धडक झाली. लढाऊ विमानात एक शिकाऊ वैमानिक होता. तो आपल्या प्रशिक्षकाच्या विमानामागोमाग वळणांचा सराव करीत असताना ही जोडी नागरी मार्गात शिरली होती. शिकाऊ वैमानिक हवाई छत्रीने वाचला. प्रवासी विमानातले सर्व १६२ जण गेले. यानंतर जपानने सरावाची क्षेत्रे नागरी मार्गांपासून दूर नेली, त्यांतली बरीचशी समुद्रावर.

इथवरचा धडा सोपा वाटतो : मध्ये भिंत घाला. अनेक देशांनी तेच केले आणि भारतही त्याला अपवाद नव्हता. लष्कराचे आकाश लष्कराचे राहिले, नागरी विमानांना अरुंद वाटा आखून दिल्या गेल्या. या व्यवस्थेने एक संकट दूर ठेवले. दुसरे संकट मात्र भिंतीच्या अलीकडे जमत होते.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून सौदिया कंपनीचे बोइंग ७४७ निघाले. त्यात ३१२ जण होते आणि आखातात कामासाठी निघालेले अनेक भारतीय त्यांत होते. त्याच वेळी कझाकस्तानचे इल्युशिन-७६ हे विमान ३७ जणांना घेऊन दिल्लीकडे उतरत होते. दिल्लीभोवतीच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलासाठी राखीव होता. नागरी विमानांना येण्यासाठी आणि जाण्यासाठी एकच अरुंद वाट होती. एक वर चढत होते, दुसरे खाली येत होते, आणि दोघे एकाच रेषेवर समोरासमोर होते. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर आणि कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहण्याची सूचना होती. समोरून विमान येत असल्याचे नियंत्रकाने कझाक वैमानिकांना सांगितलेही होते. पण नियंत्रकापुढच्या रडारवर विमान कुठे आहे एवढेच दिसे. ते किती उंचीवर आहे, हे वैमानिक सांगेल तेच खरे मानावे लागे. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले आणि हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन्ही विमाने धडकली. ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही. हवेतल्या टकरींत एवढी मोठी जीवितहानी जगात आधी झाली नव्हती आणि नंतरही झालेली नाही.

या अपघातात लष्कराचे एकही विमान नव्हते. थेट कारण उंची सोडणे हेच होते आणि न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीचा निष्कर्षही तोच होता. तरीही एक हजार फुटांच्या उभ्या अंतराखेरीज दोन विमानांमध्ये दुसरे काहीच उरले नव्हते, हे विसरता येत नाही. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असती, तर एका चालक दलाची चूक एवढी महाग पडली नसती. १९५८ आणि १९७१ च्या अपघातांनी सांगितले होते, की लष्करी सराव आणि नागरी मार्ग मिसळू देऊ नका. १९९६ ने त्यात भर घातली : वेगळे करताना जागा इतकी आखडू नका, की एका बाजूची गर्दीच जीवघेणी ठरेल. दिल्लीत पुढे येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि उंची दाखवणारे दुय्यम रडार आले. भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणाही सक्तीची झाली. या यंत्रणेलाही मर्यादा आहे. समोरच्या विमानाचा ट्रान्सपाँडर बंद असेल किंवा नसेलच, तर टीकॅसला ते विमान दिसत नाही.

मग वाटणी कशी करायची? एक उत्तर गोव्याच्या दाबोळीने दिले होते, घड्याळाचे. पोर्तुगीजांनी बांधलेला हा तळ १९६१ च्या मुक्तीनंतर नौदलाकडे आला. तिथून नौदलाची विमाने सराव करतात आणि त्याच धावपट्टीवर पर्यटकांची विमाने उतरतात. कित्येक वर्षे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठपासून दुपारी एकपर्यंतचा वेळ नौदलाच्या सरावासाठी राखलेला असे. नियम स्पष्ट होता, म्हणून सुरक्षितही होता. पण सराव असो वा नसो, ते तास नागरी विमानांना बंद राहत आणि उरलेल्या वेळेत गर्दी उसळे. मोपाचा नवा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये खुला होण्यामागे जी कारणे होती, त्यांत हे एक होते. पुण्याच्या लोहगावलाही धावपट्टी आणि तिचे नियंत्रण हवाई दलाचे आहे. तिथे नागरी वेळापत्रक लष्कराच्या सोयीशी जुळवावे लागते, हे पुणेकर प्रवाशांना सवयीने ठाऊक आहे.

दुसरे उत्तर युरोपने त्याच १९९६ साली प्रत्यक्षात आणले. आकाशाचा कोणताही तुकडा कायमचा नागरी किंवा कायमचा लष्करी मानायचा नाही. ज्याला ज्या वेळी खरोखर गरज आहे, त्याला त्या वेळेपुरता द्यायचा आणि काम संपताच परत घ्यायचा. याला हवाई क्षेत्राचा लवचीक वापर म्हणतात. यासाठी तीन पातळ्यांवर काम लागते. धोरण ठरवणाऱ्यांनी मूळ आराखडा आखायचा, आदल्या दिवशी दोन्ही बाजूंनी बसून उद्याची वाटणी करायची आणि प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळी दोन नियंत्रकांनी दूरध्वनीवर शेवटचा शब्द द्यायचा. सराव रद्द झाला तर क्षेत्र लगेच खुले होते आणि प्रवासी विमान वळसा न घेता सरळ जाते. भारतानेही ही पद्धत स्वीकारली आहे. तरी मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सांगितले, की देशाच्या हवाई क्षेत्रापैकी सुमारे ६० टक्केच नागरी विमानांना मुक्तपणे उपलब्ध आहे आणि निर्बंध सैल केल्यास वर्षाला सुमारे एक हजार कोटी रुपये वाचतील. ही बचत सरळ मार्गाची, न जळलेल्या इंधनाची आणि न सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची.

लष्कराच्या बाजूचा युक्तिवादही दुबळा नाही. ज्या प्रशिक्षकाला गिरकी शिकवायला पुरेशी उंची आणि निर्धास्त जागा मिळत नाही, त्याच्या हातून कच्चा वैमानिक तयार होतो. लवचीकतेचा अर्थ लष्कराने मागे सरावे एवढाच घेतला, तर शिझुकुइशीचा धडा पुसला जाईल. आणि दूरध्वनीवरचा एक निरोप चुकला किंवा उशिरा पोहोचला, तर ही पद्धत भिंतीपेक्षा अधिक धोकादायक ठरते. भिंत एकदा बांधली की उभी राहते. संवाद रोज नव्याने करावा लागतो.

असा संवाद जॉर्ज टाउनच्या रहिवाशांनी एकदा डोळ्यांनी पाहिला, जरी तो ऐकू आला नाही. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारतीय हवाई दलाच्या ९२ व्या वर्धापनदिनानिमित्त मरीना किनाऱ्यावर विमानांच्या कसरती झाल्या. त्या आधीचे काही दिवस रंगीत तालीम चालू होती. वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या नोटॅम या सूचनेद्वारे वेळा आधीच जाहीर झाल्या. ठरलेल्या काळात मीनंबाक्कमची ये-जा थांबे, विमान कंपन्या वेळापत्रके पुढे-मागे करीत आणि वेळ संपली की धावपट्टी पुन्हा सुरू होई. वर सर्व काही सुरळीत पार पडले. खाली मात्र उन्हात आणि अलोट गर्दीत पाच प्रेक्षकांचा मृत्यू झाला. आकाशातल्या गर्दीचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवला गेला होता, जमिनीवरच्या गर्दीचा तेवढा ठेवला गेला नव्हता.

तो वर्धापनदिन ८ ऑक्टोबर १९३२ चा. त्यानंतर सातच दिवसांनी टाटांचे टपाल विमान हवाई दलाच्या तळावरून निघाले होते. तेव्हा दोन्ही सेवांना पुरून उरेल एवढे आकाश होते आणि तळावरची माणसे एकमेकांना नावाने ओळखत. आज मीनंबाक्कमचा नियंत्रक आणि तांबरमचा नियंत्रक एकमेकांचे चेहरे पाहत नाहीत. अकरा किलोमीटरांवरून ते दूरध्वनीवर बोलतात : कोणते क्षेत्र, किती उंचीपर्यंत, किती वाजेपर्यंत. सराव संपला की तांबरमहून तसे कळवले जाते आणि मीनंबाक्कमकडे येणाऱ्या विमानांना मोकळी वाट मिळते.